डावीकडचा ब्रेक

जुन्या बाजारात, बुधवारी, कुलपांच्या ढिगाशेजारी
एक खोका मिळाला. इटलीतली गाडी, एकास चोवीस.
वरचं चित्र उन्हानं उडालेलं,
आत दरवाजे चार, चाकं तीन, सूचनांचा कागद नाही.
दीडशे म्हणाला. नव्वदला दिला.

कुमुदची फियाट मला कुठल्याच खोक्यात मिळालेली नाही.
खरी होती ती याच बाजारामागं किलोवर गेली,
पावती अजून आहे.
म्हणून जमवावी लागते:
छत या इटालियनचं,
जाळी एका जपानी टॅक्सीची, कानशीनं दोन मिलिमीटर उतरवून,
बंपर अमेरिकन, केवढा तो रुंद! मधून कापला,
जोडावर पुट्टी, पुट्टीवर पाण्याचा पॉलिश पेपर,
मग डोळे मिटून बोटाचं टोक फिरवायचं.
सांधा लागतो का.
भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं हेच केलं,
तेव्हा पगार मिळायचा.

उरलेसुरले भाग शिवणाच्या डब्यात.
सहा स्टेपन्या, एक सायरन,
रॅलीच्या ड्रायव्हरचं डोकं, हेल्मेटसकट.
कुमुद बटण शोधायला डबा उघडते
आणि विचारते,
या माणसाचं काही धड होणार आहे का?

परदेशी गाडी, स्टिअरिंग डावीकडे.
डॅशबोर्ड सोडवला, सुरीनं चिरला, बाजू बदलल्या.
डावीकडचे पेडल, तांदळाच्या कणीएवढे,
चिमट्यानं मोडले, फुंकर मारून उडवले.
उजवीकडे टॅक्सीचे बसवले.
काम चोख झालं. चहा घेतला.

रात्री दीडला जाग आली.
कुमुद कुठं बसायची?

डावीकडे.
बावीस वर्षं डावीकडे,
मांडीवर हजेरीची वही,
पायाशी स्वतःचा क्लच, स्वतःचा ब्रेक,
गॅरेजवाल्या इनामदारनं सळी वाकवून जोडलेले.
शेजारी कुणीतरी घामाघूम:
दातांचे एक डॉक्टर,
घरी न सांगता शिकायला येणारी वरच्या मजल्यावरची मालन,
आठचा आकडा काढताना हात थरथरणारा हवालदार.
नळ स्टॉपला बस आडवी आली
तरी ती ओरडायची नाही.
गाडी नुसती थांबायची,
आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली.

म्हणजे खोका बरोबर होता.
मीच सुधारत बसलो.

टॉर्च घेऊन फरशीवर पालथा पडलो.
टेबलाखाली एक बटण, औषधाची एक गोळी,
मागच्या दिवाळीतली कुंदनाची टिकली.
ब्रेक नाही.
दुसऱ्या दिवशी कपाट सरकवलं. नाही.

तिसऱ्या दिवशी ती मोरीत स्लिपर घासत होती.
"अहो, हे काय रुतलंय?"
तळाच्या रबरात, तिरका, करड्या रंगाचा.
दोन दिवस ओट्यापासून गॅलरीपर्यंत
पायाखाली ब्रेक घेऊन ही घरभर फिरत होती
आणि मी थांबलो होतो.

टूथपिकच्या टोकावर गोंदाचा थेंब,
श्वास रोखून बसवला.
रंग मला निळसर आठवत होता, तिला हिरवट.
हिरवट दिला.
तिनं भिंग धरलं, खिडकीतून आत पाहिलं
बराच वेळ.
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण मोजतंय.
चपलेतला तिचा उजवा पाय
फरशीवर जरासा दाबल्यासारखा झाला,
की मलाच तसं वाटलं.

"ब्रेक ठीक आहे," ती म्हणाली.
"क्लच कुठाय?"

क्लच अजून सापडलेला नाही.
हल्ली केर काढून झाला की
ती सुपलीच आणून माझ्यासमोर ठेवते.